दारावरचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा भरल्या आणि संध्याकाळी माझा क्लासही भरला. लग्न होऊन आष्ट्यात आल्यापासून 'सध्या काय करतेस?' या प्रश्नाला माझ्याकडे भाकरीपलीकडे उत्तर नव्हतं. आता आहे. घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी टाकली, मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भिंतीला फळा ठोकून दिला, आणि पाचवी-सहावीची पोरं दारात चपलांचा ढीग करून आत येऊन बसली. सांगलीत मी टाय लावलेल्या मुलांना शिकवत होते. इथल्या पोरांना नुसता खडू हातात मिळाला तरी आनंद होतो.

पहिला धडा मोठ्या अक्षराचा घेतला. इंग्रजीत कुठलं नाव कॅपिटलनं सुरू करायचं आणि कुठलं नाही, यात इथं सगळाच आनंदीआनंद आहे. सृष्टी नावाची एक चुणचुणीत पोरगी आहे. तिच्या वहीत गाय, आई, ऊस, ट्रॅक्टर या सगळ्यांना कॅपिटल, आणि आष्टा तेवढं बारीक.

"गायीला कॅपिटल कशाला दिलंस?"

"बारकं कसं द्यायचं बाई? आजी बडवंल."

"मग आष्ट्याला का नाही?"

"आष्टा काय, हितंच हाय की."

शेवटी फळ्यावर दोन रकाने केले. मुलगी म्हणजे कुठलीही, सृष्टी म्हणजे हीच. नदी कुठलीही, कृष्णा आपली. सगळ्या जातीला मिळून जे लागू पडतं ते सामान्यनाम, एकाचंच असतं ते विशेषनाम, आणि मोठं अक्षर विशेषनामाला. इतकं सोपं आहे, त्यात गोंधळण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही.

चहा टाकताना मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि चहा उतू गेला. या घरात मी स्वतः सामान्यनाम आहे. आत्या, म्हणजे सासूबाई, मला 'सूनबाई' म्हणतात, आणि चिडल्या की 'आगं ए'. मामा 'पोरी' म्हणतात. माझा नवरा वीरधवल नोकरीवर राजस्थानात असतो, तो फोन करतो तेव्हा 'ऐक की' म्हणतो. सून, पोरगी, बायको. क्रांती असा उच्चार या घरात मी आल्यापासून कुणाच्याही तोंडून निघालेला नाही. मी आज मुद्दाम कान देऊन बसले होते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

याचं मूळ मला माहीत आहे. मूळ लग्नात आहे.

अक्षता पडल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं. त्यात नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहायचं. त्यांनी 'मंगल' ठरवलं होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हटलं, "माझं नाव क्रांती आहे आणि क्रांतीच राहील." आमचे आजोबा मूळचे कुंडलचे. त्यांच्या तरुणपणी त्या गावात स्वातंत्र्यलढ्याचं जे वारं होतं, त्यातून हे नाव आमच्या घरात आलं. ते मी अंगठीच्या टोकानं पुसलं जाऊ देणार नव्हते. वीरधवलनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "राहू दे. आहे तेच राहू दे." त्या एका वाक्यावर मी त्याच्यावर खूश झाले होते. आत्या मात्र ताट तसंच टाकून तोंड धुवायला गेल्या आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत परत आल्या नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, बाईच्या मनात अढी बसली. सुनेनं पहिल्याच दिवशी ऐकलं नाही ना!

नाव बदललं नाही तर नाही, मग ते घ्यायचंच नाही, असा हा डाव आहे. बाकी त्यांच्यात काही वाईट नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. मला ताप आला होता तेव्हा पायाला तेल चोळत बसल्या होत्या. माझ्यासाठी वांग्याची भाजी वेगळी, कमी तिखटाची काढतात. पण नाव म्हणून घेत नाहीत.

मामांचंही काही कळत नाही. आज सोप्यातल्या आक्काच्या फोटोला हार बदलत होते. आक्का म्हणजे वीरधवलची थोरली बहीण. तो शाळेत होता तेव्हाच कावीळ होऊन गेली. फोटोत दोन वेण्या आहेत आणि शाळेचा गणवेश. तिच्याविषयी घरात कुणी बोलत नाही, वीरधवल बोललाच तर 'आक्का असती तर' एवढं म्हणून थांबतो. मी मामांना सहज म्हटलं, "मामा, तुम्ही तरी मला नावानं हाक मारत जा की." त्यांच्या हातातला हार खाली पडला. तो उचलत म्हणाले, "म्हातारा झालो पोरी, ध्येनात ऱ्हात न्हाई." स्वतःच्या प्रत्येक म्हशीची वंशावळ तोंडपाठ असलेला माणूस!

९ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. क्लासला बोर्ड लावायचा. 'क्रांती इंग्लिश क्लासेस', वर इंग्रजीत, खाली मराठीत. रोज येता-जाता वाचावं लागेल सगळ्यांना.

आत्यांना सांगितलं. चुलीपुढून उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"बोर्डाबिगार काय आडलंय? पोरं तशीबी येत्यात की."

"क्लासला नाव नको?"

"वीरधवलचं लाव. न्हाईतर देवाचं लाव."

शिकवणार मी आणि नाव नवऱ्याचं! त्याला स्वतःला इंग्रजीतली रजेची चिठ्ठी माझ्याकडून लिहून घ्यावी लागते. फोनवर त्याला सांगितलं तर तोही गुळमुळीत. "आईला जरा सांभाळून घे. जय हनुमान क्लासेस ठेव की. छान वाटतं." मी फोन ठेवून दिला. लग्नात बाजूनं उभा राहिलेला माणूस हाच का, अशी शंका यायला लागली आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

काही घडलं नाही. आत्या माझ्याशी सकाळपासून फक्त भांड्यांच्या आवाजात बोलत आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगलीला माहेरी जाऊन आले आणि येताना फ्लेक्सची ऑर्डर देऊन आले. दुकानातला पोरगा कॉम्प्युटरवर भराभर मजकूर टाकत होता. "मॅडम, फोटो कुणाचा? खाली स्मरणार्थ टाकायचं का?" मी म्हटलं, "मी मेलेली दिसते का तुम्हाला?" तो गडबडला. म्हणाला, "तसं न्हाई मॅडम, तुमच्या भागातनं बायकांच्या नावाची ऑर्डर आली की भौतेक स्मरणार्थच असती. दुकान, जीप, गोठा, काय बी असू दे." हे मात्र खरं आहे. आमच्या बाजूला जिवंतपणी पाटी मिळते ती पुरुषाला. बाईला मेल्यावर. तेवढ्यासाठी तरी हा बोर्ड लागलाच पाहिजे.

क्लासमध्ये आज सृष्टीनं अडचणीत टाकलं. "बाई, आमच्या वर्गात इंद्रजित दोघं हायती. मग त्ये सामान्यनाम झालं का?" सगळी पोरं हसली. मी सांगितलं, एकाच नावाची दोन माणसं असली तरी ज्याचं त्याचं नाव ज्याचं त्याचंच, कॅपिटल दोघांनाही. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. मलाही उत्तर जरा ओढूनताणून दिल्यासारखं वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बोर्ड लागला. आणि घरात काय झालं तेच मला उमगत नाहीये.

सकाळी टेम्पोतून फ्लेक्स आला. लाकडी चौकटीवर ठोकलेला, निळ्या रंगावर पिवळी मोठाली अक्षरं. मामांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. शिडी धरून उभे राहिले. बोर्ड ठोकून देणारा शेजारचा माणूस गेला तरी ते तिथेच. मग शिडीवर स्वतः चढले. या वयात, गुडघे दुखत असताना. अक्षरांवरून सावकाश हात फिरवला. मला वाटलं, रंग ओला आहे का बघतात. मी म्हटलं, "मामा, तो छापील आहे, निघत नाही." ते म्हणाले, "व्हय, न्हाई निघत," आणि खाली उतरले.

आत्या मळ्यातून वैरण घेऊन आल्या. डोक्यावर भारा तसाच. दारासमोर थांबल्या, वर बघितलं. आत्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत, मराठी वाचता येतं. मी भांडणाची पूर्ण तयारी करून उभी होते, उत्तरं पाठ करून ठेवली होती. त्यांनी सरळ भारा टाकला, हातपाय धुतले, पिशवीत दोन लुगडी भरली आणि मामांना म्हणाल्या, "कुंडलला भावाकडं जाऊन येतो चार दिस. म्हशीला पेंड भिजवून ठिवलीया." मामा त्यांना मोटारसायकलवरून स्टँडवर सोडून आले. जाताना आत्यांनी मला डब्यातल्या कुरडया कुठं आहेत ते सांगितलं.

रुसून माहेरी गेल्या! या वयात! मी जिंकले आहे असं मला वाटायला हवं. पण भांडण व्हायच्या आधीच समोरचा माणूस मैदान सोडून गेला की जिंकल्याचं काही समाधान नाही. पेंड भिजवून ठेवून कुणी रुसून जातं का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गावाचंही काहीतरी बिनसलं आहे. किंवा माझं.

काल सकाळी दूध घालायला जाणाऱ्या दोन बायका बोर्डाखाली थांबल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. माझा इंग्रजीचा क्लास बघून कुणाला रडू येईल अशी कल्पना मी केली नव्हती. दुसरी मला म्हणाली, "लय चांगलं काम केलंस बग पोरी. कुनाला सुचलं नसतं." मी म्हटलं, "अहो, इंग्रजी काळाची गरज आहे." त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, आणि गेल्या.

आज आप्पासो आले होते. माजी सुभेदार आहेत, मामांचे दोस्त. बोर्डासमोर ताठ उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. मला म्हणाले, "आकारामचं भाग्य चांगलं म्हणून अशी सून मिळाली. राहीवैनी कुठं हायती? खूश असतील." आकाराम म्हणजे मामा, राहीवैनी म्हणजे आत्याच. मी म्हटलं, "त्या कुंडलला गेल्यात." ते मान हलवत म्हणाले, "सहन होत नसंल." काय सहन होत नसेल? बोर्डाचा पिवळा रंग?

एक मात्र झालं, क्लासला मुलं वाढली. आई-बाप स्वतः आणून सोडतात आणि फीचं बोलायच्या आधी सोप्यातल्या भिंतीकडे बघून हात जोडतात. फळ्याला नमस्कार करण्याची पद्धत इथं आहे हे मला माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आत्यांचा फोन नाही. मामा दोन घास खाऊन उठतात. मी केलेली भाजी नेहमीसारखीच होती, मी चाखून बघितली. घर इतकं शांत आहे की मलाच कुणीतरी 'आगं ए' म्हणावं असं वाटायला लागलं आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जसं घडलं तसंच लिहिते.

संध्याकाळी सृष्टीची आजी हरणाबाई तिला न्यायला आली. ही माणसं मूळची आटपाडीकडची, मेंढरं घेऊन इकडे यायची, आता इथेच स्थायिक झाली आहेत. हरणाबाईला वाचता येत नाही. हातात नारळ होता. बोर्डाखाली बसून तिनं तो फोडला, पाणी उंबऱ्यावर शिंपडलं. मी म्हटलं, "हे काय हो हरणाबाई? देव नाही इथं."

"पोरीला दिला," ती म्हणाली. "सृष्टी म्हनली, दारावर क्रांतीचं नाव लागलंय. मला ऱ्हावलं न्हाई. तुमच्या रानात आमी मेंढरं बसवायचो तवा ती शाळेतनं आली की पयलं कोकराजवळ यायची. दप्तर टाकून तिथंच. राहीबाई हिकडनं हाका मारायच्या, 'क्रांतेऽऽ', आन ही कोकराच्या अंगावर झोपलेली. आमीच 'ओ' द्यायचो तिच्या वतीनं."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मला वाटलं, म्हातारी मला दुसऱ्या कुणाशी घोळते आहे. मी हसतच म्हटलं, "अहो, क्रांती मी आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तू? तू मंगल न्हवं? लग्नात बदलायचं ठरलं हुतं की नाव. राहीबाईनंच सांगितलं हुतं मला, पोरगी चांगली हाय, नाव त्येवढं बदलून घेतो म्हनून."

मग तिनं उघड्या दारातून सोप्यातल्या भिंतीकडे बोट केलं. दोन वेण्या, शाळेचा गणवेश.

सृष्टी विचारत होती, "बाई, काय झालं?" हरणाबाईनंच तिला ओढत नेलं. जाताना म्हणाली, "तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय गं?"

नाही. मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. माझ्यासाठी ती आक्का होती. आक्का म्हटलं की झालं, तिला आणखी एक नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फळ्यावर दोन रकाने करणारी मी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वीरधवलला सकाळी फोन लावला. त्याला हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "आक्काचं नाव काय होतं?"

त्याच्या मागे कुणीतरी हिंदीत ओरडत होतं. मग तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"तू सोडून गावानं."

तेव्हा बोलला. माझं स्थळ आलं तेव्हा नाव ऐकूनच त्यानं नको म्हटलं होतं. आत्याच म्हणाल्या, पोरगी शिकलेली आहे, चांगली आहे, नावाचं काय, ते लग्नात बदलतंच. त्यांच्या माहेरचं, कुंडलचं नाव, आक्काला आत्यांनीच हौसेनं ठेवलेलं. "आणि मग तू ताटापुढे तसं बोललीस," तो म्हणाला. "मी काय सांगणार होतो तिथं? मेलेल्या बहिणीचं नाव आहे म्हणून बदल? तुझ्या लग्नात? नंतर सांगणार होतो. आईनं शपथ घातली. म्हणाली, तिला कळलं तर आपल्या नावाची तिला भीती बसंल, अपशकुनाचं वाटंल. नव्या पोरीच्या डोक्यावर मढं कशाला ठेवायचं."

"आणि तू? तू पण मला नावानं हाक मारत नाहीस."

"मला जमत नाही गं," तो म्हणाला. "मी तिला नावानं कधीच हाक मारली नाही, आक्काच म्हणायचो. तरी जमत नाही."

मला त्याचा राग आला आहे आणि दयाही आली आहे, दोन्ही एकदम आणि सारखीच. त्यानं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मंगल झाले असते? का हट्टाला आणखी पेटले असते? मला खरंच माहीत नाही. आजोबांनी दिलेलं नाव माझंच आहे ना? मग गेले चार-पाच दिवस ज्या नावाला लोक हात जोडत होते ते कुणाचं? सृष्टीला मी दिलेलं उत्तर मलाच पुरत नाहीये.

२३ नोव्हेंबर, रविवार

क्लासला सुट्टी. शिडी लावली आणि बोर्डाचे खिळे काढायला घेतले. मामा गोठ्यातून धावत आले.

"काय करतीस?"

"काढते. मला माहीत नव्हतं मामा. मला खरंच माहीत नव्हतं."

"खाली उतर आदी. पडशील."

मी उतरले. ते पायरीवर बसले, मला शेजारी बसवलं. म्हणाले, "तुला वाटलं आसंल, ह्यो म्हातारा तोंड गप ठिवून बसला. पर मला त्यो बोर्ड हवा हुता पोरी. लबाडी केली मी. तुझ्या आडून माझ्या पोरीचं नाव दाराव लावून घेतलं. तुझ्या आत्याला काय वाटंल त्येचा इच्यार केला न्हाई." मग वर बोर्डाकडे बघत म्हणाले, "सकाळी दूध घालून येताना लांबनं दिसतं. दिसू दे की."

मी रडले. तेही रडले. मग म्हैस ओरडायला लागली म्हणून उठावं लागलं.

बोर्ड तसाच आहे. काढावा की ठेवावा, ठेवला तर माझा म्हणून की तिचा म्हणून, काहीच ठरत नाही. एक ठरलंय. आत्या येतील तेव्हा पहिल्यांदा मीच बोलायचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आत्या आल्या. भावाकडची ओल्या शेंगांची पिशवी घेऊन, जसं काही चार दिवसांच्या पाहुणचाराला गेल्या होत्या. बोर्डाकडे बघितलं नाही, मान खाली घालून उंबरा ओलांडला. मी पाणी दिलं आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. हरणाबाईचं, फोनचं, मला माहीत नव्हतं याचं. शेवटी म्हटलं, "आत्या, माझं नाव बदला. मंगल ठेवा, काहीही ठेवा. परत ताट मांडा. मी काही बोलणार नाही."

मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. मनातून थोडी भीती होती की त्या खरंच हो म्हणतील.

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बारशाला तुझ्या म्हायेरच्या आत्यानं कानात कुर्र करून सांगितलेलं नाव हाय त्ये. त्ये काढून घ्याला मी कोन? तवा चुकलंच माझं. माझ्या पोरीपायी दुसऱ्याच्या पोरीचं नाव पुसाय निघालो हुतो."

"पण तुम्हाला त्रास होतो."

"हुतो की. तुझा राग आला आसता तर बरं झालं आसतं. तुला ठावं न्हवतं, मग राग कसा येनार? त्यो येत न्हवता म्हून लय तरास व्हायचा."

मग त्या शेंगा सोलायला लागल्या, म्हणून मीही सोलायला बसले. सोलता सोलता त्या मान वर न करता बोलत होत्या. "मी काय तुला नावानं हाक माराय बघितली न्हाई आसं समजू नगंस. गोठ्यात जाऊन बघितली. म्हशीला म्हनून बघितली. तोंडातनं निम्मं येतंया आन मग कान लागतो. हाक मारली की ती लांबनं 'आले गं आये' म्हनायची. आजूनबी कान तिकडंच जातो. आता मी हाक मारली आन तू ओ दिलीस, तर मग ती न्हाई हे पक्कंच झालं की गं." त्यांनी एक शेंग फोडली, ती पोचट निघाली, टाकून दिली. "म्हून 'सूनबाई' म्हनत हुतो. तुला वाटलं आसंल, म्हातारी आडमुठी हाय."

"वाटलं होतं," मी म्हटलं.

"हाय बी," त्या म्हणाल्या. "मला वाईच येळ दे."

किती वेळ, ते मी विचारलं नाही. इतके दिवस मी ज्यासाठी रुसले, भांडले, बोर्ड ठोकला, ते मागायचं कसं हेच आता कळेनासं झालंय. बोर्डाबद्दल दोघीही काही बोललो नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळची गोष्ट. मी भाकरी करत होते, दोन्ही हात पिठात. मामा सोप्यात पेपर वाचत होते. घरामागच्या परड्यात आत्या धार काढत होत्या आणि म्हशीचं रेडकू दावं तोडून मोकळं सुटलं होतं, त्याच्या धावण्याचा आवाज मला आतून येत होता.

"क्रांते!"

बस. एवढंच. परड्यातून, मोठ्यानं, कामाच्या घाईत मारलेली हाक.

ही हाक ऐकण्यासाठी मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते. ऐकल्यावर काय म्हणायचं, कशी ऐटीत ओ द्यायची, हेही ठरवलं होतं. आणि थापलेली भाकरी परातीतच राहिली. सोप्यात पेपरची सळसळ थांबली. परड्यातही सगळं थांबलं होतं. धारेचा आवाज नाही, रेडकाला हटकल्याचा आवाज नाही. आत्या तिकडे उभ्या राहून ऐकत आहेत हे मला भिंतीआडून कळत होतं. मी गप्प बसले तर त्यांचा कान पुन्हा लांब, मेंढरांच्या रानाकडे जाईल. मी बोलले तर तो तिथून कायमचा परत येईल. यातलं काय चांगलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता लिहितानाही कळत नाही. पण हाक माझ्या नावाची होती, आणि ओ देणारी मीच होते.

"आले आत्या!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं ओरडले की सोप्यात मामांच्या हातून चष्मा पडला.

पिठाचे हात तसेच घेऊन मी परड्यात गेले. आत्यांनी रेडकाच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारून धरलं होतं आणि गाल त्याच्या पाठीवर टेकला होता. चेहरा भिजला होता. मी दावं उचललं, गाठ मारली, रेडकू खुंट्याला बांधलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या.

"किती येळ हाका मारतोया मी! ऐकाय येत न्हाई व्हय?"

हाक एकच मारली होती.